रातराणीला अंधार हवा

अंगणात रातराणीशेजारी 6500 केल्विनचा पांढराफेक एलईडी लावला, की पतंग त्याभोवती घिरट्या घालू लागतात. ते दिव्यावर भाळलेले नसतात. उडताना उजेडाकडे पाठ ठेवायची त्यांची उपजत सवय. रात्री आभाळच जास्त उजळ, म्हणून पाठ आपोआप वर राहते. बल्ब आभाळाची जागा घेतो आणि बिचारे गोल गोल फिरून दमतात. फुलं तशीच वाट बघत राहतात.

म्हणून 2700 केल्विनचा पिवळसर दिवा घ्या. गुडघ्याइतका उंच, वरून झाकलेला. उजेड पायवाटेवरच पडावा. झाडाच्या शेंड्यावर झोत नकोच. पावसासाठी आयपी 65 दर्जा बघा, आणि शॉकपासून वाचवणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच हवी. जेवणं आटोपली की दिवा मालवा. थोड्या वेळात डोळे सरावतात, आणि शेजारच्या पारिजातकाची पांढरी फुलं चांदण्यात दिसू लागतात.