ई-सिगारेट आणि सार्वजनिक जागा : मालकाचे अधिकार, ग्राहकाचे भान

उपाहारगृहात, दुकानात किंवा चित्रपटगृहात कोणी खिशातून ई-सिगारेट काढून ओढू लागल्यास त्याला मनाई करता येते का, हा प्रश्न अनेक व्यावसायिकांना पडतो. ‘यात तंबाखू जळत नाही, ही तर नुसती वाफ आहे’, असे उत्तर ऐकून व्यवस्थापकही संभ्रमात पडतो. या बाबतीत मालकाची बाजू भक्कम आहे. मात्र त्याच्या अधिकारांना मर्यादा आहेत आणि काही जबाबदाऱ्याही त्याच्यावर आहेत.

बंदी कशावर आहे?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांना हा कायदा मनाई करतो. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

निकोटिन असलेली व नसलेली, अशी दोन्ही प्रकारची उपकरणे या कायद्याच्या कक्षेत येतात. ई-हुक्काही त्यातून सुटलेला नाही. ब्रिटनसारख्या देशांत प्रौढांना ई-सिगारेट विकत घेता येते. त्यामुळे परदेशातून येणारे आप्त ती सहज सोबत आणतात. मात्र भारतात आयातीलाच बंदी आहे, हे त्यांना आधी सांगितलेले बरे.

बंदी घातलेल्या कृतींच्या यादीत ‘ओढणे’ हा शब्द नाही. यावरूनच ‘वापराला मोकळीक आहे’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु जी वस्तू देशात बनवता, आणता किंवा विकता येत नाही, ती दुसऱ्याच्या जागेत ओढण्याचा हक्क या मौनातून निर्माण होत नाही.

धूम्रपानबंदी लागू होते का?

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. त्यानंतर २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी उपाहारगृहे, कार्यालये, मॉल, चित्रपटगृहे यांच्या मालकांवर व व्यवस्थापकांवर थेट जबाबदारी टाकली. प्रवेशद्वारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करावी हे कळवणे आणि रक्षापात्रे न ठेवणे त्यांना बंधनकारक आहे.

मात्र या कायद्यातील धूम्रपानाची व्याख्या तंबाखूवर आधारलेली आहे. ई-सिगारेटमध्ये बहुधा द्रव तापवला जातो. त्यामुळे तेथे धूम्रपानाचा २०० रुपयांपर्यंतचा दंड लावण्याबाबत वाद उपस्थित होऊ शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे ‘ई-सिगारेट व व्हेपलाही मनाई’ ही ओळ फलकावर स्वतंत्रपणे लिहिणे. ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल व ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा या कायद्यात देण्यात आली. पण तेथेही ई-सिगारेट पुरवणे हा गुन्हाच ठरतो.

मालकाला काय करता येते?

आपल्या जागेत ई-सिगारेट ओढू नये, असा नियम मालक करू शकतो. न ऐकणाऱ्यास सेवा नाकारून बाहेर जाण्यास सांगू शकतो. हा नियम सर्वांना सारखाच लागू हवा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकानात वा उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यास राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाची मनाई आहे. नियम मोडणाऱ्या तरुणाला सोडून तरुणीलाच हटकणे, हे या तत्त्वाला धरून नाही.

ग्राहकाची झडती घेणे, उपकरण हिसकावून घेणे किंवा धक्काबुक्की करणे हे मालकाचे काम नव्हे. ई-सिगारेटविषयक कायद्याखाली झडती व जप्तीचे अधिकार उपनिरीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहेत. प्रकरण हाताबाहेर जाऊ लागल्यास पोलिसांना कळवावे.

मालकाला खरा धोका आहे तो साठ्याचा. आपल्या जागेत ई-सिगारेटचा साठा ठेवू देणारा जागेचा मालक किंवा ताबेदार, त्याला त्याची माहिती असल्यास, स्वतःच दोषी ठरतो. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पानाच्या टपरीला किंवा पार्टीच्या आयोजकाला जागा भाड्याने देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

शिष्टाचार कोणता?

ई-सिगारेटमधून निघते ती निव्वळ पाण्याची वाफ नसते. त्या सूक्ष्म थेंबांत निकोटिन, सुगंधी रसायने आणि धातूंचे अंश असू शकतात. बंद खोलीत ते शेजाऱ्याच्या श्वासात जातात. धूरसूचक यंत्रणाही त्यांमुळे वाजू शकते. दम्याचा रुग्ण, गर्भवती स्त्री किंवा लहान मूल शेजारी असेल, तर ‘वास तर येत नाही’ हे समर्थन तोकडे पडते.

मनाई करणाऱ्यानेही संयम राखावा. चारचौघांत ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, फलक दाखवून, ‘येथे याची परवानगी नाही, कृपया बंद करावे’, एवढे सांगणे बहुतेक वेळा पुरेसे असते. ही विनंती करणारा वेटर किंवा रखवालदार आपले नेमून दिलेले काम करीत असतो. त्याच्याशी हुज्जत न घालणे, हा या शिष्टाचाराचाच भाग आहे.