जुनी मोटरसायकल आणि नवा स्वार

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल ज्या पहिल्याच स्थानकावर थांबते, त्या विठ्ठलवाडीच्या आसपास कल्याण आणि उल्हासनगर ही दोन शहरे एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की, एकाची हद्द कोठे संपते हे परक्या माणसास सांगता येऊ नये. या वस्तीत, चाळीच्या जिन्याखाली, गॅरेजच्या मागल्या भिंतीशी किंवा नोकरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या पडवीत, ताडपत्रीखाली झाकलेली येझदी, राजदूत अथवा बुलेट अद्याप आढळते. आणि ज्याच्या हाती नुकताच पक्का परवाना आला आहे असा तरुण तिच्याकडे मोठ्या अभिलाषेने पाहत असतो. त्या अभिलाषेविषयी मला मनापासून आदर आहे, कारण एखादे यंत्र जतन करावे, त्याचा आवाज पुन्हा ऐकावा ही वृत्ती निव्वळ उपभोगाहून श्रेष्ठ होय. परंतु हौस आणि सुरक्षितता यांत निवड करण्याचा प्रसंग आला तर, जुनी गाडी किती सुंदर धावते याहून ती किती खात्रीने थांबते हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न प्रथम का, हे या गाड्यांच्या जन्मकाळाकडे पाहिले म्हणजे उमगते. मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी १९५५ मध्ये स्थापन झाली आणि लष्कराच्या मागणीतून बुलेटने या देशात मूळ धरले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठीच्या दशकात जावा आणि १९७३ पासून येझदी बाहेर पडू लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत खेडोपाडी दूधवाल्यांच्या किटल्या वाहू लागली. रस्त्यावरील वर्दळ विरळ आणि वेग माफक असलेल्या त्या काळात दोन्ही चाकांना साधे ड्रम ब्रेक पुरेसे वाटत. आज १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटरसायकलीस एबीएस बंधनकारक आहे, आणि तिच्यावर हात बसलेला तरुण ब्रेक जोराने दाबला तरी चाक जाम होणार नाही हे गृहीतच धरून चालतो. जुनी गाडी त्याला असे कोणतेही अभय देत नाही.

त्यातही पायांची एक अडचण आहे, जिचा विचार खरेदीच्या भरात फारसा कोणी करीत नाही. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाडीवर शिकलेल्या नवख्या स्वारापुढे अकस्मात एखादे मूल आडवे आले, तर त्याचा उजवा पाय सवयीने ब्रेकसाठी खाली जातो आणि तेथे त्याला गियरचा दांडा भेटतो. जावा-येझदीत किकचा दांडाच पुढे वळवून गियरचे काम करतो, तेही अंगवळणी पडावे लागते. ही सवय मोकळ्या मैदानात, भल्या पहाटे, पुनःपुन्हा घटवून मगच स्टेशन रोडच्या रिक्षांच्या गर्दीत उतरावे.

आता तपासणीकडे वळू. गाडी पाहावयास जाताना दिवसाउजेडी जावे, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्यास आदल्या दिवशीच सांगावे. कारण तापलेले इंजिन आपले पुष्कळ दोष लपविते. मात्र पहिला हात इंजिनास न लावता ब्रेकला लावावा. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलून पाहावी. चाक फिरत राहिले तर लायनर झिजलेले आहेत, किंवा त्यांवर ग्रीस गेले आहे. आणि ब्रेक दाबताना ड्रमवरील कॅमचा दांडा ओढणाऱ्या तारेशी काटकोनाच्या पलीकडे जात असेल, तर वायर कितीही ताणली तरी आत दाबण्याजोगे काही उरलेले नाही असे समजावे. नवे ब्रेक शू ही किरकोळ खर्चाची बाब आहे. ड्रम आतून अंडाकृती झालेला असेल, तर मात्र तो खरडून घ्यावा लागतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रम उघडल्यावर आतील भुकटी फुंकर मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ही दक्षता पुष्कळ अनुभवी मिस्त्रीही घेत नाहीत, याची खंत वाटते.

ब्रेकनंतर गाडीची मान. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवावीत. टकटक जाणवली तर कोन सेट ढिला आहे. हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरविताना बरोबर मधोमध अडकल्यासारखे झाले, तर त्याच्या बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेले आहेत, आणि अशी गाडी वेगात हेलकावे खाते. मागचे चाक आडवे हलवून पाहिल्यास स्विंग आर्मचे बुश कळतात. प्रत्येक आरा पान्याने हलकेच वाजवावा. ताठ आरा खणखणतो आणि ढिला बद्द वाजतो. टायरची नक्षी खोल आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण न वापरलेले रबरही वयाने कडक होऊन तडकते. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि तेथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा असून गाडी घरी नेण्याआधीच बदलावयाचा आहे. शेवटी चार पावले मागे जाऊन दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय ते न्याहाळावे. वाकलेली चासी कितीही चकचकीत रंगाखाली लपत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगता येते, कारण त्याचे दोष पैशाने दुरुस्त होतात आणि सहसा जिवावर बेतत नाहीत. बुलेटच्या सायलेन्सरमधून निळा धूर सतत येत असेल तर बोअर-पिस्टनचे काम निघाले आहे. येझदी वा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतच असल्याने तिच्या धुराचा अर्थ तिच्या जाणत्या मिस्त्रीस विचारावा. सुटे भाग कुर्ल्यास किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. एक नवी बाब मात्र ध्यानी धरावी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुनी रबरी नळी आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर फुगतात व झिरपतात, तेव्हा नळ्या नव्या घालाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी करताना टाकी रिकामी करावी.

विठ्ठलवाडीच्या खरेदीदाराने पाण्याचा इतिहासही विचारला पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी येथील सखल वस्त्यांत शिरले, आणि त्यानंतरही पावसाने ही अवस्था पुन्हा आणली आहे. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून उभी केलेली असू शकते. परंतु हेडलाइटच्या वाटीत, सीटखालच्या पत्र्याच्या घड्यांत आणि वायरिंगच्या वेटोळ्यात बसलेला गाळ सहसा कोणी धूत नाही. हेडलाइट उघडून पाहाच. त्यातच सहा व्होल्टचा दिवा असलेल्या गाड्यांचा प्रकाश इतका क्षीण असतो की, नव्या स्वाराने रात्री त्यांवर बसूच नये.

दस्तऐवजांची रुजुवात हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा. चासी आणि इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासावी, म्हणजे ठसा उमटतो आणि खाडाखोड उघडी पडते. कल्याणच्या परिवहन कार्यालयाची एमएच ०५ ही मालिका पुष्कळ अलीकडची; १९८९ पूर्वीच्या गाडीवर तीन अक्षरांचा जुना क्रमांक असतो, आणि अशा कित्येक गाड्यांची नोंद संगणकीय दप्तरात चढलेलीच नसते. ती चढविण्याची जबाबदारी विक्रेत्याने पार पाडल्याखेरीज पूर्ण मोबदला देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. तेव्हा नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी यांची थकबाकी किंमत ठरविताना वजा करावी. मालक मयत असेल तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावे करावी. एरवी नमुना २९ आणि ३० यांवर उभयतांच्या सह्या लागतात, आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळविणे कायद्याने आवश्यक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीदाही विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व दप्तरी नाव असलेल्या मालकावरच येते. म्हणून हस्तांतर हा विक्रेत्याच्याही हिताचा विषय आहे, हे त्यास समजावून सांगावे.

पन्नास वर्षे पुरी झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र तजवीज केली. वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांची विंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज कामावर जाणाऱ्या तरुणास ही नोंदणी उपयोगाची नाही, आणि १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० तर अद्याप त्या वयाचीही झालेली नाही.

ज्याने अजून वर्षभर रस्ता अनुभवलेला नाही, त्याने प्रथम साधी, हलकी, आधुनिक ब्रेक असलेली गाडी चालवावी आणि जुनी गाडी दुसरी म्हणून घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. एवढा धीर नसेल, तर निदान सौदा ठरविताना घाई करू नये. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट किमतीत धरावे, ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. आणि जो विक्रेता ब्रेकचा ड्रम उघडू देत नाही किंवा चासी क्रमांकाचा ठसा घेऊ देत नाही, त्याला इसाऱ्याचा एक रुपयाही देऊ नये.