बावीस जागांचा बाजार

१ फेब्रुवारी २०२४ रोजी फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या जगाला जो हादरा बसला, तो कोणत्याही शर्यतीच्या मैदानावर बसला नाही. एका करारातील एका कलमाने तो दिला. सात वेळा जगज्जेता ठरलेला लुईस हॅमिल्टन मर्सिडीज संघ सोडून २०२५ च्या हंगामापासून इटलीच्या फेरारी संघाकडे जाणार, असे त्या दिवशी जाहीर झाले. वस्तुतः याच हॅमिल्टनने मर्सिडीजशी आणखी दोन हंगामांचा करार केल्याची घोषणा अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, झाली होती. परंतु पहिल्या हंगामानंतर बाहेर पडण्याची मुभा त्या करारातच होती आणि ती त्याने वापरली. करार मोडल्याचा दोष त्याला कोणी देऊ शकत नव्हते. कराराने दिलेल्या दारातूनच तो बाहेर पडला होता.

एका माणसाच्या या निर्णयापायी अनेकांना बिऱ्हाड हलवावे लागले. फेरारीत हॅमिल्टनसाठी जागा करायची, तर तेथे बसलेल्या कार्लोस साइन्झला उठवणे भाग होते. साइन्झचा दोष काय होता? काहीही नाही. निरोपाचा नारळ हाती पडल्यानंतर त्याच हंगामात त्याने ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको येथील शर्यती जिंकून दाखवल्या. तरीही त्याला विल्यम्स या एके काळच्या थोर, पण आता मागे पडलेल्या संघाचा आश्रय घ्यावा लागला. मर्सिडीजमधील मोकळ्या जागेवर अठरा वर्षांचा किमी अँतोनेल्ली बसला. २०२५ चा हंगाम सुरू झाला, तेव्हा दहा संघांपैकी मॅक्लारेन आणि ॲस्टन मार्टिन या दोनच संघांतील चालकांच्या जोड्या पूर्वीप्रमाणे कायम होत्या.

श्रमाच्या बाजारात मागणी वाढली की वेतन वाढते, आणि पुरेसा अवधी मिळाला की रोजगाराच्या जागाही कमीजास्त होतात, असे पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. फॉर्म्युला वनमध्ये हा दुसरा भाग लागूच पडत नाही. दहा संघ, प्रत्येकाच्या दोन मोटारी, म्हणजे वीस जागा. २०२६ च्या हंगामापासून कॅडिलॅक हा अकरावा संघ आल्यामुळे बावीस. साऱ्या जगात मिळून बावीस! तालुक्याच्या गावातील एखाद्या बऱ्यापैकी हायस्कुलात याहून अधिक शिक्षक असतात. चालकांनी कितीही कमी वेतन मागितले, तरी तेविसावी जागा निर्माण होत नाही. साहजिकच या बाजारातील खरी दुर्मिळ वस्तू म्हणजे बसायची जागा. कौशल्य त्यानंतर येते. ज्यांचे कौशल्य जागेपेक्षाही दुर्मिळ मानले जाते असे चालक कोणत्याही काळात दोन-तीनच असतात, आणि करारात आपल्या सोयीचे कलम घालून घेण्याची ताकद त्यांनाच लाभते.

पण हे कौशल्य मोजायचे कसे? येथे एक जुनीच अडचण नव्या वेषात उभी राहते. हुशार मुलांच्या तुकडीचा निकाल चांगला लागला, तर श्रेय मास्तरांचे की मुलांचे? चालकाचे उत्पादन त्याच्या मोटारीपासून वेगळे काढता येत नाही. उत्तम मोटारीतला मध्यम चालक पुढे असतो आणि रडतखडत चालणाऱ्या मोटारीतला उत्तम चालक मागे दिसतो. तुलनेचे विश्वसनीय माप एकच. त्याच संघाच्या, तशाच मोटारीत बसलेला जोडीदार. म्हणून या व्यवसायात चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी त्याच्याच संघात असतो. हॅमिल्टनचेच पाहा. २०२५ मध्ये फेरारीकडून त्याने चीनमधील छोट्या अंतराची शर्यत जिंकली खरी. पण हंगामातील चोवीस मुख्य शर्यतींपैकी एकीतही तो पहिल्या तिघांत आला नाही. त्याचा जोडीदार शार्ल लक्लेर मात्र अनेकदा आला. आणि ज्याला उठवले, तो साइन्झ विल्यम्सच्या मोटारीतून बाकू व कतार येथे तिसरा आला. फेरारीचा सौदा चुकला, असे यावरून लगेच म्हणता येणार नाही. हॅमिल्टनच्या नावाला शर्यतीच्या गुणांपलीकडे बाजारात जे मोल आहे, तेही फेरारीने विकत घेतले होते.

दुबळ्या बाजूला करार किती उपयोगी पडतो, हे सर्जिओ पेरेझच्या उदाहरणावरून कळते. जून २०२४ मध्ये रेड बुल संघाने त्याचा करार २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवला. त्या हंगामात त्याचा जोडीदार मॅक्स वर्स्टापेन ४३७ गुण मिळवून जगज्जेता झाला. पेरेझला १५२ गुण मिळाले. संघांना मिळणारे बक्षिसाचे द्रव्य दोन्ही चालकांच्या एकत्रित गुणांनुसार लागणाऱ्या क्रमावर ठरते आणि रेड बुल त्या क्रमात तिसऱ्या स्थानावर घसरला. डिसेंबर उजाडला आणि दोन वर्षे मुदत शिल्लक असलेला करार गुंडाळला गेला. त्याच्या जागी आलेल्या लियाम लॉसनला तर दोनच शर्यती मिळाल्या. त्यांत त्याला गुण मिळाला नाही, तेव्हा तिसऱ्या शर्यतीपूर्वीच त्याला धाकट्या संघात परत पाठवून तेथील युकी त्सुनोदाला वर आणण्यात आले. रेड बुलच्या मालकीचे दोन संघ आहेत, आणि त्यामुळे कर्मचाऱ्याला बडतर्फ न करता खालच्या कचेरीत पाठवण्याची सोय या एकाच मालकाला उपलब्ध आहे. २०१९ मध्ये पिएर गॅस्ली या चालकाची अशीच बारा शर्यतींनंतर परत पाठवणी झाली होती. पुढच्याच वर्षी त्याच धाकट्या संघाच्या मोटारीतून त्याने मोंझाची शर्यत जिंकली. परिवीक्षेचा काळ किती असावा, या प्रश्नावर ज्यांनी कधी सेवाशर्ती वाचल्या आहेत, त्यांना या उदाहरणात विचार करण्याजोगे पुष्कळ सापडेल.

करारांच्या या रानात काही कायदा असावा, ही जाणीव १९९१ मध्ये तीव्र झाली. मायकेल शूमाकर या तरुण जर्मन चालकाने त्या वर्षी बेल्जियममध्ये जॉर्डन संघातर्फे पदार्पण केले आणि पुढच्याच शर्यतीला तो बेनेटन संघाच्या मोटारीत दिसला. बेनेटनमधून उठवलेला रॉबर्टो मोरेनो त्याच शर्यतीत जॉर्डनच्या मोटारीत बसला होता! त्यानंतर करारांची नोंद ठेवून वादांचा निवाडा करणारे एक मंडळ स्थापन झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये आल्पिन संघाने ऑस्कर पियास्त्री आपला चालक असल्याची घोषणा केली, आणि आपण असा कोणताही करार केलेला नाही, असे पियास्त्रीने त्याच दिवशी जाहीर केले. वाद या मंडळापुढे गेला. ग्राह्य करार एकच, तो मॅक्लारेनशी ४ जुलै रोजी झालेला, असा निकाल २ सप्टेंबर रोजी लागला. निकाल रास्तच होता. गंमत अशी की, मॅक्लारेनमध्ये पियास्त्रीसाठी जी जागा होती, तिच्यावर २०२३ अखेरपर्यंतचा करार असलेला डॅनियल रिकार्डो बसला होता. त्याचा करार मंडळापुढे गेलाच नाही. तो पैसे देऊन मिटवण्यात आला.

चालकाने संघ सोडावा की न सोडावा, हा प्रश्न मुळात त्याचा आहे की मालकांचा, यावरून या खेळात एकदा सरळसरळ संप झाला होता. १९८२ च्या जानेवारीत, दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथील शर्यतीपूर्वी, चालकांच्या हाती नव्या परवान्याचे अर्ज पडले. दोन वर्षांची निवृत्ती संपवून परतलेल्या निकी लाउडाने ते बारकाईने वाचले. परवाना चालकाला मिळायचा, पण तो विशिष्ट संघाशी आणि विशिष्ट मुदतीशी जखडलेला. म्हणजे संघ सोडायचा, तर परवानाही गमावायचा. जगज्जेत्यालाही वेठीस धरणारे हे कलम मान्य करू नये, असे लाउडा आणि चालकांच्या संघटनेचा प्रमुख दिदिए पिरोनी यांनी सहकाऱ्यांना पटवले. गुरुवारी सकाळी चालक एका बसमध्ये बसून जोहान्सबर्गमधील एका हॉटेलात गेले. पिरोनी मैदानावर राहून क्रीडासंघटनेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांच्याशी वाटाघाटी करीत होता. बाकीच्यांनी एका दालनात गाद्या टाकून रात्र काढली. एकेकटे वेगळ्या खोल्यांत गेले, तर एकेकाला फोडले जाईल, हे लाउडाला पक्के ठाऊक होते. कोट्यधीश आणि नवशिके शेजारी शेजारी झोपले. एलिओ दे आंजेलिस आणि जील व्हिलनव्ह यांनी पियानो वाजवून सर्वांची करमणूक केली. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली, शनिवारी शर्यत झाली आणि ती अलँ प्रोस्तने जिंकली. नंतर चालकांना दंड झाले, अपिलात ते सौम्य झाले. पण चालकाला संघाशी जखडणारे ते कलम टिकले नाही.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १८ जानेवारी रोजी, मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगारांची संसारे पणाला लावणारा तो लढा आणि हॉटेलातील एका रात्रीचा हा मुक्काम यांना एका तराजूत घालणे म्हणजे गिरणगावाची थट्टा ठरेल. पण दोन्ही संपांच्या शेवटातील फरकाचे एक कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. कापड दुसरीकडून, यंत्रमागांवरून, येऊ शकत होते आणि गिरणीच्या दारात बदली कामगारांची रांग कायमचीच होती. क्यालामीच्या मैदानावर शर्यत दोन दिवसांवर आलेली, तिकिटे विकली गेलेली, आणि हॉटेलात झोपलेल्यांना पर्याय नव्हता. न्याय कोणाच्या बाजूने होता, याचा त्या फरकाशी संबंध नाही.

ज्या लाउडाने हा संप घडवला, तो स्वतः एके काळी पैसे मोजून या धंद्यात शिरला होता, हेही विसरता येत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी मोटारीतील जागेसाठी त्याला बँकेचे कर्ज हवे होते. उद्योगपती आजोबांनी आपले वजन वापरून ते अडवले, तेव्हा आयुर्विम्याच्या तारणावर त्याने दुसऱ्या बँकेतून रक्कम उभी केली. १९७५ मध्ये तो जगज्जेता झाला, म्हणून ही कथा कौतुकाने सांगितली जाते. ज्यांचे कर्ज बुडाले, त्यांची कथा कोणी सांगत नाही. नोकरीसाठी वेतन घेण्याऐवजी ‘देणगी’ देण्याचा हा प्रकार आपल्याकडील शिक्षणसंस्थांशी परिचय असलेल्यांना नवा वाटू नये. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक ठरला, तेव्हा त्याच्यामागे टाटांचे पुरस्काराचे पाठबळ होते. उलट भारताचे नाव मिरवणाऱ्या फोर्स इंडिया संघाने २००८ ते २०१८ या काळात एकाही भारतीयाला शर्यतीत उतरवले नाही. हा संघ कर्जात बुडाल्यावर लॉरेन्स स्ट्रोल या कॅनडातील धनाढ्याने इतर भागीदारांसह तो घेतला. पुढच्या हंगामात त्याचा मुलगा लान्स त्या मोटारीत बसला आणि एस्तेबान ओकाँ हा गुणी चालक वर्षभर जागेविना राहिला.

संघांच्या खर्चावर २०२१ पासून कमाल मर्यादा घालण्यात आली. पहिल्या वर्षी ती साडेचौदा कोटी डॉलर होती. पण चालकांचे वेतन, तसेच सर्वाधिक पगाराच्या तीन अधिकाऱ्यांचे वेतन, या मर्यादेबाहेर ठेवले गेले. मोटारीवर ओतता न येणारा पैसा मग माणसांकडे वळला तर नवल नाही. २०२६ मध्ये मात्र एक वेगळेच चित्र दिसले. या हंगामासाठी इंजिनापासून सारे नियम बदलले. मोटार इतकी नवी असताना निदान चालक तरी ओळखीचा असावा, अशा हिशेबाने बहुधा जुन्या दहांपैकी आठ संघांनी आपापल्या जोड्या तशाच ठेवल्या; सॉबर संघाचे नाव ऑडी झाले, तरी चालक तेच राहिले. नव्या कॅडिलॅकने दोन नव्या जागा निर्माण केल्या आणि त्या दिल्या पेरेझ व वाल्टेरी बोटास या दोघा मुरलेल्यांना. दोघांनी मिळून सोळा शर्यती जिंकलेल्या, आणि २०२५ मध्ये दोघेही जागेविना होते. मोटारीच्या खासगी चाचण्यांवर कडक निर्बंध असल्यामुळे नवशिक्याला शिकवण्याचा खर्च प्रत्यक्ष शर्यतीतील गुणांच्या रूपाने सोसावा लागतो, आणि नवा संघ तो सोसण्यास राजी नव्हता.

बदल झाले, ते रेड बुलच्या दोन संघांत. इसाक हजार थोरल्या संघात वर्स्टापेनशेजारी गेला. त्याच्या जागी अठरा वर्षांचा आर्विद लिंडब्लॅड आला. बावीस जणांत नवशिका असा तो एकटाच. लॉसनने धाकट्या संघातील जागा टिकवली. त्सुनोदाला राखीव चालक नेमण्यात आले. गिरणीच्या भाषेत सांगायचे, तर बदली.