पायाखालची बुरशी

रोवणी सुरू झाली की सिंदेवाही-ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंतच्या बांध्यांत बायामाणसे दिवस दिवस चिखलात उभी असतात. त्याआधी उन्हाळ्यात मोहफुलांसाठी आणि तेंदूपत्त्यासाठी जंगल तुडवून झालेले असते. पायात काटा रुतणे ही इथे सांगत बसण्याजोगी गोष्टच नव्हे. पण काट्याबरोबर मातीतली बुरशी कातडीखाली गेली तर?

आधी एक न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून कामही थांबत नाही. काही वर्षांत पाऊल सुजते, त्याला छिद्रे पडतात आणि पुवाबरोबर बारीक रवे बाहेर येतात. हाच ‘मदुरा पाय’. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा अभ्यास करून त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. ‘ग्रेज अॅनाटॉमी’तील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र हा आजार दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला तो २०१६ साली!

यातली खरी मेख अशी, की दिसायला सारखेच असलेले हे पाऊल कधी बुरशीमुळे, तर कधी जिवाणूंमुळे सुजते. जिवाणू असतील तर प्रतिजैविके लागू पडतात. बुरशीवर ती व्यर्थ. तिथे इट्राकोनॅझोलसारखे औषध दीर्घकाळ द्यावे लागते आणि अनेकदा शस्त्रक्रियाही करावी लागते. रवा काळा असेल तर बहुधा बुरशी. पांढरा असेल तर दोन्ही शक्यता. म्हणून रवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि बुरशी वाढवून ओळखायची. याला काही आठवडे लागतात.

ओळख पटल्यावर पुढची परीक्षा औषधाची. ९६ खळग्यांच्या ताटलीत औषधाची मात्रा पायरीपायरीने निम्मी करत नेतात, प्रत्येक खळग्यात बुरशी सोडतात आणि किती कमी मात्रेत तिची वाढ थांबते ते पाहतात.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. गजकर्णाचे उदाहरण पाहा. तो माणसाकडून माणसाकडे पसरतो, पण धडा तोच आहे. दिल्लीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे फोफावली आहे. धानपट्ट्याला तर दुसरी गोष्ट अधिक जवळची. फुप्फुसाचा आजार करणारी अॅस्परजिलस बुरशी अॅझोल औषधांना दाद देत नाही, असे नमुने भारतातील भातशेतीच्या मातीतही सापडल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. धानावर फवारले जाणारे हेक्झाकोनॅझोल आणि रुग्णाला दिले जाणारे इट्राकोनॅझोल एकाच कुळातले आहेत.

चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भामरागड-एटापल्लीच्या रुग्णाला मजुरी बुडवून वारंवार तिथवर येणे परवडत नाही; नमुना मात्र येऊ शकतो. आरोग्य केंद्रातून नमुना जावा आणि औषधाचे नाव परत यावे, एवढी सोय झाली तरी एखाद्या रोवणाऱ्या बाईचा पाय वाचेल. त्या पायावर तिचे घर उभे असते.