बोटाखालचा लिनक्स

माउसच्या बाणाचं टोक ठिपक्याएवढं असतं आणि माणसाचं बोट चांगलं सेंटिमीटरभर रुंद. लिनक्सचा डेस्कटॉप टचस्क्रीनवर आणताना निम्म्या भानगडी या एका फरकातून निघतात. खिडकी बंद करायची फुली, मेनूतल्या दाटीवाटीच्या ओळी, कडेची बारीक सरकपट्टी, सगळं बाणाच्या मापानं बेतलेलं. शिवाय बाण एखाद्या चिन्हावर नुसता नेऊन थांबवला तरी खाली माहितीची पट्टी उघडते. बोटाला असं अधांतरी थांबता येत नाही, टेकलं की दाबलंच. आणि उजवं बटण? त्याच्याऐवजी बोट दाबून धरायची सोय प्रत्येक प्रोग्रामला शिकवावी लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी खरी झटापट झाली ती पवईत, आयआयटी मुंबईत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या ‘आकाश’ टॅबलेटचं अनावरण झालं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा दाबावर चालणारा, त्यामुळे हलक्या स्पर्शाला दाद देत नसे. नखानं रेटावं लागे. त्यानंतरच्या ‘आकाश-२’ची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली. तिथल्या प्रा. दीपक फाटक यांचं नाव या प्रकल्पाशी जोडलं गेलं ते तेव्हापासून. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते अनावरण झालेल्या या टॅबलेटचा पडदा हलका स्पर्श ओळखणारा होता, प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झचा आणि रॅम दुप्पट.

त्यावर अँड्रॉइड होतं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो, पण अभियांत्रिकीच्या पोराला लागणारं सी, पायथन, सायलॅब त्यात आयतं मिळत नाही. पवईच्या मंडळींनी यावर दोन वाटा काढल्या. पहिलीत अँड्रॉइडच्या आतच लिनक्सचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. वर बोटाला सोसेल असा साधा पडदा, त्यात प्रोग्राम लिहायचा, बटण दाबायचं. आतला लिनक्स तो चालवून उत्तर वर पाठवणार. दुसऱ्या वाटेत मेमरी कार्डावर अख्खा जीएनयू-लिनक्स भरून टॅबलेट थेट त्याच्यावरच सुरू करायचा. दुसरी वाट जास्त रुबाबदार, यात शंका नाही. पण ८०० बाय ४८० ठिपक्यांच्या त्या पडद्यावर डेस्कटॉपच्या कितीतरी खिडक्या मावतच नाहीत आणि ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली जाऊन बसतं. पहिली वाट अधिक शहाणपणाची होती, असंच म्हणावं लागेल: बोटाला डेस्कटॉप दाखवूच नये, त्याचं काम तेवढं करून द्यावं.

त्याआधी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत मुलांच्या हाती ‘शुगर’ हा लिनक्सचा निराळाच डेस्कटॉप आला होता. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा तो भारतातला पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपला टचस्क्रीन नव्हती. पण शुगरमध्ये चिन्हं मोठी, एका वेळी एकच काम पडदाभर आणि डबल क्लिकची कटकट नाही. म्हणून पुढे २०१२-१३च्या सुमारास त्याला स्पर्श शिकवायची वेळ आली, तेव्हा पाया तयारच होता.

मोठ्यांच्या डेस्कटॉपला मात्र वेळ लागला. अनेक बोटं एकदम ओळखायची सोय लिनक्सच्या गाभ्यात २००९ मध्येच आली, पण पडदा रंगवणाऱ्या जुन्या ‘एक्स’ यंत्रणेत ती पोचायला २०१२ उजाडलं. दरम्यान एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला आणि त्यातली ऐसपैस बटणं पाहून जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली. आज ‘एक्स’ऐवजी आलेल्या वेलँड यंत्रणेवर चालणारा ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा घडीच्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतो. पडदा आडवा-उभा केला की सेन्सर असल्यास चित्रही फिरतं. ग्नोममध्ये पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर ओढलं की कीबोर्ड उघडतो. जुन्या धाटणीच्या प्रोग्राममध्ये तो आपणहून येत नाही, तिथे ही युक्ती कामाला येते.

सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरातल्या माणसाची खरी अडचण मात्र या कीबोर्डापाशीच सुरू होते.

हे शहर मराठी बोलतं, तेलुगू बोलतं, कानडीही बोलतं. चाटी गल्लीत एकाच दुकानात तिन्ही भाषा कानावर पडतात. आता पडद्यावरच्या इनस्क्रिप्ट मांडणीच्या कीबोर्डवर ग्रामदैवताचं नाव लिहून बघा: ‘सिद्धेश्वर’. स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा टिचक्यांची मजल. त्यात ‘ध’ आणि ‘श’ शिफ्टच्या मागे दडलेले, म्हणजे झाल्या बारा. खऱ्या कीबोर्डवर शिफ्ट करंगळीनं सहज दाबली जाते. काचेवर मात्र नजर वळवून ती हुडकावी लागते.

तरी याच इनस्क्रिप्टमध्ये सोलापूरच्या फार कामाची एक गोष्ट आहे. बहुतेक भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच. ‘सिद्धेश्वर’ तेलुगूत लिहा की कानडीत, बोटं त्याच जागांवर त्याच क्रमानं पडतात. फक्त उमटणारं अक्षर बदलतं. एकदा हात बसला की तिन्ही लिप्या आल्या. हवी आहे ती बोटाला सोयीची मांडणी: शिफ्टची अक्षरं कळ दाबून धरल्यावर वर यावीत आणि लिपी एका टिचकीत बदलावी.

त्यासाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही. ग्नोमच्या पडद्यावरच्या कीबोर्डाची मांडणी जेसॉन फाइलमध्ये असते, तर मोबाइलवरच्या फॉश डेस्कटॉपवर चालणाऱ्या स्क्वीकबोर्ड या कीबोर्डाची यामल फाइलमध्ये. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणाऱ्या आणि कुणालाही बदलता येणाऱ्या. सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत हिंडण्यापेक्षा ही तीन लिप्यांची मांडणी करावी, घरातल्या आजी-आजोबांच्या बोटांखाली ती तपासावी आणि मूळ प्रकल्पांकडे पाठवून द्यावी.