बाईच्या हृदयाचं दुखणं घरातच घडतं

1976 साली अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. एक लाखाहून अधिक जणी त्यात सहभागी झाल्या. काय खातो, किती चालतो, कोणता आजार झाला, हे त्या दर काही वर्षांनी लिहून कळवत. त्यांतल्या 84 हजार जणींच्या 14 वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. ज्या सिगारेट ओढत नव्हत्या, ज्यांचं वजन आटोक्यात होतं, ज्या रोज सरासरी अर्धा तास भरभर चालण्याएवढा तरी व्यायाम करत होत्या आणि चांगलं खात होत्या, त्यांना हृदयविकाराचा धोका बाकीच्यांपेक्षा 80 टक्क्यांहून अधिक कमी होता. थोडंसं मद्यही त्या यादीत होतं. पण हृदयासाठी म्हणून मद्य सुरू करा, असं आज कुणी जबाबदार डॉक्टर सांगणार नाही.

मला मात्र त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. या सगळ्या गोष्टी पाळणाऱ्या जेमतेम 3 टक्के होत्या. त्याही परिचारिका! रक्तदाब म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे नुसतं माहीत असून भागत नाही. दिवसाची घडी कशी बसली आहे, त्यात स्वतःसाठी वेळ आणि ताटात नीट अन्न उरतं का, यावर बरंच काही ठरतं. आपल्याकडे ही घडी घर बसवतं.

सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई जेवायला बसते, तेव्हा भाजी तळाला गेलेली असते आणि आमटीतली डाळ संपून पाणी राहिलेलं असतं. मग उरलेला भात, सकाळची पोळी, वर लोणचं. पोट भरतं, पण प्रथिनं आणि भाज्या कमी पडतात, मीठ वाढतं. दिवसभरात सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचं, फरसाण यांतच त्यातलं बरंचसं संपतं. उपवासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा आणि तळण आलं, की उपवासाच्या दिवशी साखर जास्तच चढते. राजगिरा, ताक, फळं, मूठभर शेंगदाणे यांनीही उपवास होतोच. एरवी ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी आणि पालेभाजी हे आपलं साधं जेवण हृदयाला उत्तम आहे. फक्त ते तिच्या ताटातही पुरेसं पडायला हवं. सगळ्यांनी एका पंगतीला बसावं, हा माझा आग्रह केवळ समतेसाठी नाही.

तंबाखूबद्दल विचारलं की बायका सांगतात, ‘छे, मला कसलंच व्यसन नाही.’ मिश्री त्या धरतच नाहीत. तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड तंबाखूच असते. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. दात स्वच्छ होतात, कळ थांबते, शौचाला साफ होते, म्हणून आजीने लावली, आईने लावली आणि सुनेलाही दिली. म्हणूनच ‘तंबाखू खाता का’ असं न विचारता, ‘मिश्री लावता का’ असं विचारलं पाहिजे. सोडायची असेल, तर 1800112356 या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते.

पाळी जाईपर्यंत स्त्रीच्या शरीरातले संप्रेरक रक्तवाहिन्यांना काहीसं जपतात. त्यामुळे हृदयविकार हा पुरुषांचा आजार वाटतो. मधुमेह झाला की हे संरक्षण बरंचसं निघून जातं. आणि या दोन्ही आजारांची चाहूल पुष्कळदा बाळंतपणाच्या फाइलमध्येच असते. गरोदरपणी रक्तदाब वाढून बाळंतपण अवघड झालं असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. तेव्हा साखर वाढली असेल, तर पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी अधिक. पण बाळाचं बारसं झालं की ती फाइल ट्रंकेत जाते. ती बाहेर काढा, डॉक्टरांना दाखवा, दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासा. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते.

चालण्यासाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं लागतात. ती मिळायची, तर त्या वेळेपुरता ओटा दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला हवा.

हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही छातीत दुखतं. पण कित्येकींना त्याबरोबर किंवा त्याऐवजी धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, विलक्षण थकवा येतो. घरात त्याला ‘पित्त’ म्हणतात आणि सोडा पिऊन पडायला सांगतात. अशा वेळी स्वयंपाक आवरायची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा आणि दवाखान्यात पोहोचताच ईसीजी काढायला सांगावं.