कांचेच्या पेटींतील समुद्र व त्याचें फेसयंत्र

पावसाळ्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येकानें एक दृश्य पाहिलेलें असतें. लाट फुटून मागें सरली म्हणजे वाळूवर पिंवळसर पांढऱ्या फेसाची एक झालर मागें राहते. वाऱ्याबरोबर फेसाचे पुंजके वाळूवरून धांवूं लागतात. लहान मुलें त्यांच्यामागें पळतात आणि मोठीं माणसें त्यांस घाण समजून बाजूस होतात. हा फेस म्हणजे केवळ हवा व पाणी नव्हे. कुजलेलें शेवाळ, मेलेले सूक्ष्म जीव आणि जलचरांची विष्ठा यांपासून सुटलेलीं चिकट द्रव्यें त्यांत सांठलेलीं असतात. लाटांनीं पाणी घुसळून तीं वर आणलेलीं असतात व किनाऱ्यावर टाकून दिलेलीं असतात. समुद्र आपलें घर अशा रीतीनें थोडेंबहुत स्वतःच झाडीत असतो.

परंतु समुद्राचें दोनशें लिटर पाणी कांचेच्या पेटींत भरून घरांत किंवा शाळेंत ठेविलें, तर तेथें लाट कोठली आणि किनारा कोठला? तेथें झाडण्याचें काम मनुष्यासच करावें लागतें. त्यासाठीं जें यंत्र वापरतात त्यास इंग्रजीत प्रोटीन स्किमर म्हणतात; आपण त्यास फेसयंत्र म्हणूं. आमच्या विज्ञानमंडळानें अशी एक टाकी प्रयोगशाळेंत मांडली. त्या कामीं जें शिकावयास मिळालें तें, आणि जी चूक आमच्या हातून घडली तीहि, विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या माहितीसाठीं येथें देत आहें.

समुद्रजीव घरांत जगविण्याची खटपट फार जुनी आहे. इ. स. १८४६ मध्यें ॲना थिन नांवाच्या इंग्रज बाईनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरीं आणले. त्यांचें पाणी ताजें राहावें म्हणून तिची दासी रोज उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. आपल्या मुंबईंतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचें. अनेक पालकांनीं तें लहानपणीं पाहिलें असेल. त्या दासीचे कष्ट आज विजेचा पंप करतो. परंतु पाण्यांत हवा घुसळण्याचें तत्त्व तेंच आहे.

आतां हें यंत्र काम कसें करतें तें पाहूं. ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस तें चटकन कळेल. उसाचा रस काहिलींत उकळूं लागला म्हणजे त्यांत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. मग रसांतील मळ एकत्र होऊन वर तरंगतो आणि गुळव्या ती मळी झाऱ्यानें काढून टाकतो. मळी वेळेवर काढली नाहीं तर गूळ काळा होतो. फेसयंत्रहि मळीच काढतें. मात्र येथें उष्णता नसते, आणि भेंडीच्या रसाऐवजीं हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात.

माशांचें उरलेलें अन्न व विष्ठा यांतून जीं प्रथिनें व स्निग्ध द्रव्यें पाण्यांत उतरतात, त्यांच्या पुष्कळशा रेणूंची एक बाजू पाण्यास जवळ करणारी व दुसरी पाण्यापासून पळणारी असते. असा रेणु जेथें पाणी आणि हवा यांची सीमा लागते तेथें जाऊन चिकटतो. त्याची एक बाजू पाण्यांत राहते व दुसरी हवेकडे वळते. प्रत्येक बुडबुड्याचा पृष्ठभाग ही अशीच एक सीमा होय. बुडबुडा जितका लहान तितका तेवढ्याच हवेंत एकंदर पृष्ठभाग अधिक मिळतो, आणि तो वर चढावयास वेळहि अधिक घेतो. म्हणून यंत्रांतील पंपाच्या चक्रास सुईसारखीं अनेक टोकें असतात. तीं आंत ओढलेल्या हवेचा चुरा करतात व पाणी दुधासारखें पांढरें दिसूं लागतें. मळ चिकटलेले बुडबुडे वर जमून त्यांचा फेस होतो. तो फेस अरुंद गळ्यांतून चढत वरच्या पेल्यांत सांडतो, आणि तेथें त्याचें तपकिरी, दुर्गंधी पाणी होतें.

हें काम खाऱ्या पाण्यांतच चांगलें होतें. याचा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं करून पाहावा. एका भांड्यांत गोडें पाणी व दुसऱ्यांत लिटरमागें पस्तीस ग्रॅम मीठ घातलेलें पाणी घ्यावें, आणि माशांच्या टाकींत वापरतात तो हवेचा सच्छिद्र दगड आळीपाळीनें दोहोंत सोडावा. गोड्या पाण्यांत बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व भराभर फुटतात. खाऱ्या पाण्यांत ते बारीकच राहतात. क्षारांमुळें दोन बुडबुडे एकमेकांत सहज मिळूं शकत नाहींत, हें त्याचें कारण.

आतां मांडणीकडे वळूं. प्रथम पाणी. नद्यांच्या मुखाजवळचें समुद्राचें पाणी पावसाळ्यांत पातळ व गढूळ होतें. म्हणून आम्हीं शुद्ध केलेल्या पाण्यांत मत्स्यपालनासाठीं मिळणारें तयार सागरी मीठ विरघळवून घेतलें. घरच्या जेवणांतील मीठ येथें उपयोगी नाहीं. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या सुमारास व उष्णता २५ ते २६ अंश शतमान ठेविली. मुख्य टाकीच्या खालीं कपाटांत एक लहान टाकी असते. वरचें पाणी काठावरून सांडून तींत येतें व पंपानें पुन्हां वर जातें. पाणी जेथें प्रथम येऊन पडतें त्या कप्प्यांत फेसयंत्र ठेवावें, म्हणजे मळ दुसरीकडे बसण्यापूर्वींच त्याच्या हातीं लागतो.

यंत्र नवें असतां तें स्वच्छ पाण्यानें धुवावें. साबण मुळींच लावूं नये. साबणाचा अंश राहिला तर फेस अनावर होऊन पेला भरून वाहूं लागतो. यंत्र सपाट बसवावें, आणि तें किती खोल पाण्यांत उभें करावयाचें याविषयीं त्याच्याबरोबर आलेली सूचना पाळावी. बहुधा पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरांच्या दरम्यान ती खोली असते. कप्प्यांतील पाण्याची पातळी रोज सारखी राहिली पाहिजे. बाष्पीभवनानें ती बोटभर उतरली तरी फेस बसतो. वाढली तर पेल्यांत नुसतें पाणी भरतें. बाष्प होऊन गेलेलें पाणी गोडें असतें, म्हणून भर घालावयाची तीहि गोड्या शुद्ध पाण्याचीच.

विजेविषयीं दोन गोष्टी पालकांनीं स्वतः पाहाव्या. तार भिंतीवरील खटक्याकडे नेतांना मध्यें तिला खालीं लोंबती कमान द्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी कमानीच्या तळाशीं ठिबकून पडतें, खटक्यांत शिरत नाहीं. दुसरें असें कीं, वीज गेली म्हणजे वरच्या टाकीचें कांहीं पाणी खालीं उतरतें. तेवढें पाणी मावेल इतकी जागा खालच्या टाकींत मोकळी हवी. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. म्हणून आम्हीं पहिल्याच दिवशीं मुद्दाम खटका बंद करून ही परीक्षा घेतली.

यंत्र सुरू करतांना पाणी बाहेर सोडणारी तोटी पूर्ण उघडी ठेवावी. पहिले कांहीं दिवस नवें यंत्र लहरीपणानें वागतें. त्याच्या प्लॅस्टिकवर कारखान्यांतील तेलाचा सूक्ष्म लेप असतो. तो जाऊन आंतून सूक्ष्म जीवांचा पातळ थर बसेपर्यंत फेस मध्येंच उसळतो, मध्येंच नाहींसा होतो. यास आठवडा, कधीं दोन आठवडेहि लागतात. नंतर तोटी अगदीं थोडी थोडी फिरवून फेसाची पातळी गळ्याच्या तळाशीं आणावी. एकदां फिरविल्यावर निदान अर्धा दिवस थांबावें. दर पांच मिनिटांनीं फिरविणाऱ्यास यंत्र कधींच साधत नाहीं.

यंत्र बसविण्यांत आमची चूक झाली नाहीं. चूक झाली ती त्यावर नको तेवढा विश्वास टाकण्यांत.

यंत्र सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. पाणी स्फटिकासारखें दिसत होतें. मुलांचा उत्साह अनावर झाला होता, आणि खरें सांगावयाचें तर माझाहि. आम्हीं नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे आणून सोडले. दुसऱ्या दिवशीं इयत्ता आठवींतील एक मुलगी रिकाम्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, पेल्यांत तर कांहींच येत नाहीं. मग माशांची घाण जाते कोठें?” मीं उत्तर दिलें, “यंत्र नवें आहे, येईल हळूहळू.” प्रश्न बरोबर होता, उत्तर अपुरें होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक मासा तळाशीं आडवा पडलेला सांपडला. दुसरा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत होता. आम्हीं घाईनें पाणी तपासलें. त्यांत अमोनिया पुष्कळ झाला होता. उरलेला मासा त्याच दुपारीं एका परिचितांच्या जुन्या टाकींत नेऊन सोडला, म्हणून वांचला.

मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. हा वायु पाण्यांत पूर्ण विरघळतो. तो बुडबुड्यास चिकटत नाहीं, म्हणून फेसयंत्र त्यास पकडूं शकत नाहीं. समुद्राच्या पाण्यासारख्या अल्कधर्मी पाण्यांत तर त्याचें विष अधिक प्रखर होतें. त्याचा नाश करतात ते खडकांवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्मजंतु. त्यांतील एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, तेंहि विषारीच. दुसरी जात त्याचें नायट्रेट करते, आणि तें बऱ्याच अंशीं निरुपद्रवी असतें. या जंतूंचा शोध विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास लाविला. नव्या टाकींत त्यांची वस्ती पुरेशी होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि कोणतेंहि यंत्र विकत घेऊन हा काळ चुकवितां येत नाहीं.

मग फेसयंत्राचा उपयोग काय? उपयोग असा कीं, जें अन्न व जी विष्ठा पुढें कुजून अमोनिया होणार, तिचा कांहीं भाग तें कुजण्यापूर्वींच बाहेर काढतें. शिवाय पाण्यांत प्राणवायु मिसळतें. परंतु त्याच्याहि शक्तीस सीमा आहे. अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत असें दिसलें कीं, अशीं यंत्रें पाण्यांतील सेंद्रिय कर्बापैकीं सुमारें २० ते ३० टक्केच काढूं शकतात. म्हणून पाण्याचा कांहीं भाग नियमानें बदलणें व माशांस बेतानें खावयास घालणें हीं कामें सुटत नाहींत.

आम्हीं टाकी पुन्हां रिकामीच चालूं ठेविली. माशांऐवजीं चिमूटभर खाद्य पाण्यांत कुजूं दिलें आणि मुलांनीं पाळीपाळीनें अमोनिया व नायट्राइट मोजून भिंतीवरील तक्त्यावर आंकडे मांडले. अमोनिया चढला व उतरला. मागून नायट्राइट चढलें व उतरलें. पांच आठवड्यांनीं दोन्ही आंकडे शून्यावर आले आणि सलग आठवडाभर तेथेंच राहिले. मग वांचलेला मासा परत आणला. पुढें कांहीं दिवसांनीं एके सकाळीं पेल्यांत चहाच्या रंगाचें बोटभर पाणी दिसलें. त्याचा वास घेऊन मुलांनीं नाकें मुरडलीं. परंतु त्या दिवशीं प्रयोगशाळेंत जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालालाहि होत नाहीं.

यंत्र ठेवावयाचें तर त्याची सेवाहि करावी लागते. गळ्याच्या आंतील बाजूस चिकट लेप बसला कीं फेस चढत नाहीं. म्हणून दोन-तीन दिवसांनीं पेला व गळा धुवावा. हवेच्या नळींत मिठाचे खडे जमतात. ती कोमट पाण्यानें मोकळी करावी. तीन-चार महिन्यांनीं पंप काढून पातळ शिरक्यांत भिजवावा. हातास तेल लागलेलें असतां टाकींत हात घालूं नये. तेलानें फेस तासन् तास बसून राहतो.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलाच्या हट्टाखातर अशी टाकी एका दिवसांत विकत घेऊं नये. सुटींत गांवीं गेल्यावर तिच्याकडे कोण पाहणार, हेंहि आधीं ठरवावें. प्रवाळ व समुद्रघोडे किनाऱ्यावरून कधींच आणूं नयेत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें तें गुन्हा आहे. क्लाऊन मासे आपल्या देशांतील संशोधनकेंद्रांत अंड्यांपासून वाढविले गेले आहेत. असे टाकींतच जन्मलेले मासे चौकशी करून घ्यावे.

विद्यार्थ्यांनीं मात्र त्या मेलेल्या माशाची आठवण ठेवावी. पाणी स्वच्छ दिसणें आणि पाणी जगण्यायोग्य असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांस कळते, दुसरी मोजून पाहावी लागते. आमच्या प्रयोगशाळेंत तो आंकड्यांचा तक्ता अजून भिंतीवर आहे. नवा मासा आणावयाचा प्रश्न निघाला कीं मुलें प्रथम त्या तक्त्याकडे पाहतात, मग माझ्याकडे.